मितू पालथी पडत नव्हती

लेकरं कशी वाढतात हे शिकायला छिंदवाड्याला जाऊन आलेली आमच्या वस्तीत मी एकटीच. सौंसरला नवी अंगणवाडी उघडली, तिची मी बाई. प्रशिक्षण संपताना एक हिंदी पुस्तिका हातात दिली होती. तिच्यात एका पानावर बाळाची चित्रं होती: अमुक महिन्यात मान धरतं, अमुक महिन्यात पालथं पडतं, बसतं, रांगतं. ते पान मी फाडून अंगणवाडीच्या भिंतीला चिकटवलं. कुणी बाई लेकरू काखेत मारून आली की तिला मी त्या पानासमोर उभी करायचे आणि विचारायचे, "किती महिन्याचं झालं? मग अजून बसत कसं नाही? काय खाऊ घालता?" ती बिचारी पदर चावत उभी राहायची. मला त्यात मजा यायची, खोटं कशाला बोलू. सव्वीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते आणि आमच्या घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी पहिली मीच होते. तोरा तर होताच.

पंच्याऐंशीच्या जूनमध्ये मला मुलगी झाली. विहारात नाव ठेवलं संघमित्रा, घरात मितू. दीड महिन्याची असताना ती माझ्याकडे बघून हसली. तिसरा महिना लागला आणि तिनं मान धरली. पुस्तिकेत लिहिलं होतं तशी, अगदी वेळेवर. माझा नवरा मनोहर पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हजेरी लिहायचा, शनिवारी संध्याकाळच्या बसनं घरी यायचा. तो आला की मी मितूला पोटावर ठेवून दाखवायचे, बघा कशी मान वर करते. तो म्हणायचा, "पोरगी परीक्षेले बसली का?" मी म्हणायचे, हो, आणि पहिल्या नंबरानं पास होणार.

ऑक्टोबरात मला कामावर हजर व्हायचं होतं. बोरगावहून माझी माय आली, मितूला सांभाळायला. मायनं सगळा जन्म दुसऱ्याच्या वावरात काढलेला. कापूस वेचायचा, निंदण करायचं, सीझनला संत्र्याच्या बगीच्यात जायचं. तिचे हात कधी रिकामे राहिलेले मी पाहिले नाहीत. आल्या दिवशीच मी तिला बजावलं, "माय, आता मजुरीले जायचं नाही. घरी राहायचं, मितूले पाहायचं. आता तू अंगणवाडीच्या बाईची माय आहेस."

"बरं व," माय म्हणाली. "नाई जात."

तिला कष्टापासून सोडवायचं म्हणून मी हे बोलले, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खरी गोष्ट ही की माझी माय डोक्यावर टोपलं घेऊन बगीच्यातून निघालेली वस्तीतल्या बायकांनी पाहू नये, एवढंच मला हवं होतं.

दिवाळीपर्यंत मितू शांत झाली. आधी मी कामावर निघाले की आकांत करायची, तो बंद झाला. दुपारी परत यावं तर झोपलेली, संध्याकाळी जरा डोळे उघडायची, दूध ओढायची, पुन्हा पेंगायची. शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची पोरगी. मीही खूश होते. ह्याची मला आजही लाज वाटते. लेकरू गप्प झालं म्हणून मी खूश होते.

डिसेंबर निघाला, सहावा महिना संपला, आणि मितू पालथी पडत नव्हती.

पहिले आठ दिवस मी मनावर घेतलं नाही. मग रोज कामावरून आले की तिला चटईवर उताणी ठेवायचे आणि बाजूला लाल बांगडी वाजवायचे. ती बांगडीकडे बघायची, डोळे तिच्यामागे थोडे सरकायचे आणि मिटायचे. हात उचलायची नाही. धरलेली मानही पुन्हा ढिली झाल्यासारखी वाटायची. मी तिच्या कानाशी टाळी वाजवली, किल्ल्यांचा जुडगा खळखळवला, पायाच्या तळव्यावर नख ओढलं. पाय हलायचा, पण उशिरानं. तो मधला वेळ मला सहन व्हायचा नाही. मी मग तिला उचलून छातीशी आवळायचे आणि माय ओरडायची, "अवं, झोपू दे ना तिले. झोपीतच लेकरू वाढते."

सगळ्यात वाईट म्हणजे ती हसेनाशी झाली होती. हसणं ती शिकली होती, दोन महिने हसली होती, आणि आता ते तिच्याकडून निघून गेलं होतं. पुस्तिकेत सगळी चित्रं पुढं जाणारी होती. शिकलेलं परत जातं, असं एकही चित्र नव्हतं.

अंगणवाडीतलं ते पान मी काढून टाकलं. सुपरवायझर बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, भिंतीला ओल आली. माझ्याच रजिस्टरात माझ्याच मुलीच्या नावापुढं "पालथी पडते" असं मी माझ्या हातानं लिहिलं. वजनही अर्धा किलो चढवून लिहिलं. दुसऱ्यांच्या लेकरांचा एक छटाक इकडचा तिकडे होऊ न देणारी मी.

मनोहरला सांगितलं तर तो म्हणाला, "होते व. काही लेकरं आळशी राहतात. मीबी उशिरा चाललो म्हणे." मला त्याच्या शांतपणाचा इतका संताप आला की मी हातातलं ताट आपटलं. मग रडू फुटलं. तो घाबरला. तोवर तो घाबरला नव्हता, मला रडताना पाहून घाबरला. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही मितूला पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांकडे गर्दी होती. त्यांनी मितूला टेबलावर ठेवलं, हातपाय उचलून सोडले, डोकं टेपनं मोजलं. दोन मिनिटं लागली असतील. म्हणाले, मेंदूची वाढ कमी दिसते, नागपूरला दाखवून घ्या, पण फार आशा ठेवू नका, अशी मुलं अशीच राहतात. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

परतीच्या बसमध्ये मितू माझ्या मांडीवर झोपली होती. मनोहर खिडकीबाहेर बघत बसला होता. मी अंगणवाडीत पाहिलेली सगळी दुबळी लेकरं एकेक करून मला आठवू लागली. त्यांच्या आयांना मी जे जे बोलले होते ते सगळं आठवलं. लेकराकडे लक्ष नाही तुमचं, असं मी त्यांना म्हणायचे. माझं तर सगळं लक्ष मितूकडे होतं. मग हे कसं झालं?

नागपूरला मार्चमध्ये जायचं ठरलं, मनोहरला सुट्टी तेव्हाच मिळत होती. तोवर रोज सकाळी डोळे उघडले की पहिली भीती, मग दुसरं काही. भीती घेऊनच मी केस विंचरायचे, भीती घेऊनच चूल पेटवायचे. मितू कधीच बसली नाही तर? मला ओळखलंच नाही तर? मी मेल्यावर तिचं कोण करणार? आठ महिन्यांच्या लेकराच्या उशाशी बसून मी तिच्या म्हातारपणापर्यंत जाऊन यायचे.

फेब्रुवारीतली गोष्ट. सुपरवायझर बाईंनी निरोप पाठवला की उद्या येते, वस्तीतली सगळी मुलं माझ्यासमोर तोलायची. सगळी, म्हणजे मितूसुद्धा. दुसऱ्या दिवशी बाई अकरालाच येऊन बसल्या. माझी खोटी वजनं आता काट्यावर चढणार होती. पण न्यावं तर लागणार होतंच. मी मितूला आणायला घरी गेले.

घराला कुलूप.

मी दार हलवलं, मागच्या अंगणात जाऊन हाका मारल्या. माय नाही, मितू नाही. काहीतरी झालं, माय तिला घेऊन दवाखान्यात धावली, एवढंच डोक्यात आलं. शेजारची शकुबाई अंगणात वाळवण घालत होती. तिला विचारलं तर ती माझ्याच तोंडाकडे बघत राहिली.

"दवाखान्यात कायले? रघुनाथरावाच्या बगीच्यात असन तुमची माय. रोजच जाते ना. तुमाले माईत नाई?"

मी धावतच गेले. वस्तीपासून बगीचा काही फार दूर नाही, नाला ओलांडला की लागतो. झाडांखाली संत्र्याचा ढीग घातला होता आणि सात-आठ बायका भोवती बसून लहान-मोठी फळं वेगळी करत होत्या. त्यांच्यात माझी माय होती. हात भराभर चालत होते, कुणाशी तरी हसत बोलत होती. इतकी खुशीत मी तिला माझ्या घरी कधी पाहिली नव्हती. मला पाहिलं आणि तिचे हात थांबले.

"मितू कुठी हाय?"

तिनं बोटानं दाखवलं. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती. मी मितूला काढली. डोकं मागं लुढकलं. मी तिला हाक मारली, गालावर चापट्या मारल्या, खांद्यावर घेऊन हलवली. ती उठेना. श्वास होता, पण एक घेतला की दुसरा कधी येईल याची वाट बघावी लागत होती. मी काय ओरडले ते मला आठवत नाही. सगळ्या बायका उठून आल्या.

त्यांच्यात कलाबाई होती. दोन वर्षांआधी तिच्या पोरीला मजुरीच्या वेळी गोळी देते म्हणून मी तिला अंगणवाडीत पंधरा बायकांसमोर झाडलं होतं. अफूची गोळी. आमच्याकडे वेचणीला जाणाऱ्या बाया लेकरांना ती चाटवायच्या, म्हणजे लेकरू वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, दिवसभर झोपून राहतं. प्रशिक्षणात मला ते शिकवलं होतं, मी वस्तीभर घरोघरी जाऊन विचारून आले होते, गोळी देता का, गोळी देता का. कलाबाई पुढं आली आणि तिनं अंगठ्यानं मितूची पापणी वर केली.

"बाई, बोललं तं राग येईन तुमाले," ती हळूच म्हणाली. "पण बाहुली पाहा डोळ्याची. पाहा कितकी बारकी झाली. हिले गोळी देऊन राहिले तुमच्या घरी."

मी मायकडे पाहिलं. मायनं काही लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे हेच तिला वाटत नव्हतं.

"देते ना," ती म्हणाली. "मोहरीएवढी देते. तू गेली का लय रडे व ते. रडू रडू टाळू उडे तिची. मले घरात रिकामं बसवत नाई, इकडं आणलं तं उन्हात रडे. तुलेबी दिली होती. तुह्या भावालेबी दिली. सगळ्याच देतात."

सगळ्यांना मी विचारलं होतं. एका घरात तेवढं विचारलं नव्हतं.

कलाबाईनं मितूच्या तोंडाला पाणी लावलं, पाय चोळले, आणि माझ्यासोबत सरकारी दवाखान्यापर्यंत धावत आली. वाटभर ती मला सांगत होती, थांबू नका, हलवत राहा तिले, झोपू देऊ नका. माय मागून येत होती. तिच्या पायात चपला नव्हत्या, त्या बगीच्यातच राहिल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पापणी उघडून बॅटरी मारली आणि पहिला प्रश्न केला, गोळी कोण देतं? मग सुई दिली, नळी लावली, दोन तास मितूजवळून हलल्या नाहीत. दुपार कलल्यावर मितू रडली. बारीक, खरखरीत रडणं. मी खाटेजवळ खालीच बसले.

डॉक्टरीणबाईंनी मग आम्हा दोघींना समोर बसवून सांगितलं. अशी लेकरं सुस्त राहतात, खात नाहीत, अंग धरत नाहीत. एक दिवस गोळी जराशी जास्त पडते आणि झोपेतच श्वास थांबतो. लोक समजतात, लेकरू झोपेत गेलं. तुमचं नशीब म्हणून आज आणलंत. मी विचारलं, आता ती पालथी पडेल का, बसेल का? त्या म्हणाल्या, गोळी उतरू द्या, मग बघू. किती भरून येईल ते आज कुणी सांगू शकत नाही.

व्हरांड्यात आल्यावर मी मायला नाही नाही ते बोलले. तू माझ्या लेकराले जहर चारलं, असं बोलले. तुले मी मजुरीले जाऊ नको म्हटलं होतं, तरी तू गेली. खोटारडी आहेस तू. आजूबाजूचे लोक बघत होते. माय माझ्याकडे बघतच नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या खोलीच्या दाराकडे बघत होती, जसं तिला परत आत जाऊन काहीतरी विचारायचं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. मितूचं अंग थरथरायचं, दूध उलटायचं, जुलाब लागले. रडायची ती थांबायचीच नाही. आधी ती रडत नाही म्हणून मी घाबरत होते, आता रडते म्हणून घाबरत होते. मी सुपरवायझर बाईंना रजिस्टराचं सगळं खरं सांगून रजा घेतली. मनोहर सुट्टी टाकून आला. मी मायला मितूला हात लावू देत नव्हते. ती उंबऱ्याजवळ बसून राहायची. मितू फार रडली की तिचे हात आपोआप पुढं यायचे, माझ्याकडे बघून ती ते मागं घ्यायची. गावी जाते म्हणून तिनं थैली भरली होती, पण ती गेली नाही आणि मी जा म्हटलं नाही.

आठवड्यानं रडणं उतरलं. डोळे मोठे दिसायला लागले. एक दिवस कावळा ओरडला आणि मितूनं मान वळवली, लगेच वळवली. पण चटईवर ठेवलं की ती उताणीच. मी रोज ठेवायचे. दहा दिवस झाले, बारा झाले. डॉक्टरीणबाईंचं "बघू" माझ्या डोक्यातून जात नव्हतं. गोळी उतरली, आता जे राहिलं ते कायमचं, असं मला वाटायला लागलं होतं. सतराव्या दिवशी सकाळी मी तिला अंगणात वाकळेवर ठेवून चुलीकडे वळले होते. माय भिंतीशी तांदूळ निवडत होती.

"वत्सू! अवं वत्सू, पाय!"

मी वळले तेव्हा मितू कुशीवर होती. एक पाय दुसऱ्यावर टाकून अडकली होती. चेहरा लालबुंद. कुंथत होती. मला वाटलं धावत जाऊन ढकलावं, पण हललेच नाही. मग तिचा खांदा गेला, पोट गेलं आणि ती धपकन पालथी पडली. एक हात खाली दबला होता. तिनं मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि हसली.

मी रडत होते की हसत होते, देव जाणे. मनोहरला हाका मारल्या, तो साबण लावलेल्या तोंडानं बाहेर आला. मी मितूला उचललं, मुके घेतले आणि पहिल्यांदा, सतरा दिवसांत पहिल्यांदा, तिला मायच्या मांडीवर दिलं. मायनं तिला दोन्ही हातांनी धरलं. मला वाटलं, आता तीही हसेल. ती हसली नाही.

मनोहर तोंड धुवायला आत गेला तेव्हा ती म्हणाली, "वत्सू, एक इचारू? तू शिकली हायेस."

"विचार ना."

"थे डॉक्टरीन म्हणे, झोपीतच सास बंद होते. लोकाईले वाटते झोपीत गेलं."

"हो."

"तुह्याअगोदर एक पोरगी होती मले. नऊ महिन्याची. वेचणीचा आखरी दिवस होता. मालक म्हणे आज सगळं वावर झालं पाहिजे. मी तिले दोन दिल्या होत्या." तिनं मितूचं झबलं सारखं केलं. "सांजेले झोळीतून काढली तं..."

माझ्याआधी एक बहीण होती हे मला ठाऊक होतं. ताप आला आणि गेली, असं लहानपणापासून ऐकलं होतं. दोन आठवडे मी मायला जे तोडून बोलत होते, त्याहून मोठं आता माझ्या जिभेवर होतं, आणि ते खरं होतं. ती माझ्याकडे बघत होती. पंधरा बायकांसमोर कलाबाई माझ्याकडे बघत होती, तशीच.

"नाही माय," मी म्हटलं. "ती तापानं गेली. बाबा सांगत नव्हते का? तापच होता."

मायनं मान हलवली.

"तुह्या बापानं सांगतलं लोकाईले. ताप नोता तिले, वत्सू. अंग थंड होतं."

तिच्या दोन्ही हातांत मितू होती, म्हणून तिला पदर डोळ्यांना लावता येत नव्हता. पाणी गालांवरून वाहून मितूच्या झबल्यावर पडत होतं. मी मितूला तिच्याकडून घेतलं नाही. तिच्याजवळ बसले आणि तिच्या पदराचं टोक मीच उचललं.